काचेच्या पेटीतली जमीन

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा लसीकरण, बाळाचा वरचा आहार किंवा परीक्षेच्या दिवसांत उद्भवणारी पोटदुखी अशा एखाद्या विषयाची असावी. बालरोगतज्ज्ञाकडून दुसरे काय अपेक्षायचे? परंतु मी आज लिहिणार आहे ते एका पाळीव पालीविषयी, आणि त्यातही तिच्या काचेच्या पेटीत तळाला काय अंथरावे याविषयी. वाचक हसतील याची मला कल्पना आहे. हा प्रश्न मला प्रथम विचारला गेला तेव्हा मीही हसलो होतो. पुढे जे घडले त्यानंतर हसू मावळले.

आपल्या इंदूरच्या घरांत पाल ही पाळावी लागत नाही. ट्यूबलाइटच्या मागे, देवघराच्या कोनाड्यात, घड्याळाच्या आड ती आपली आपण राहते. बोलता बोलता ती चुकचुकली की आमच्या आजी ‘सत्य, सत्य’ म्हणून जमिनीवर बोटे टेकवीत. माझ्या बाह्यरुग्ण विभागात आजही वर्षातून दोन-तीनदा तरी घाबरलेले आईबाप धावत येतात : ‘डॉक्टरसाहेब, दुधात पाल पडली होती, आणि मुलानं ते दूध प्यायलं!’ पालीला विष नसते हे त्यांना समजावता समजावता माझी तीस वर्षे गेली. अशा माणसावर पालीची बडदास्त ठेवण्याची वेळ यावी, हा दैवाचा विनोदच म्हणायचा.

टिपक्याची ओळख

२०२३ च्या दिवाळीनंतर आम्ही उभयता सहा आठवड्यांसाठी अमेरिकेत न्यू जर्सीला गेलो होतो. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी तेथे असते. तिला नऊ वर्षांचा मुलगा, ईशान, आणि तेव्हा दहा महिन्यांची असलेली मुलगी, मीरा. मी मुलांचा मामाआजोबा. घरात शिरताच ईशानने माझा हात धरून मला थेट आपल्या खोलीत नेले. टेबलावर काचेची एक लांबट पेटी होती. तिच्यात एका पोकळ दगडाखालून पिवळसर अंगावर काळे ठिपके असलेले एक डोके बाहेर आले आणि त्याने माझ्याकडे पाहून चक्क पापण्या मिटल्या.

मी चमकलो. आपल्या घरातल्या पालीला पापण्या नसतात. ती जिभेने डोळे पुसते. हा प्राणी मात्र एखाद्या झोपाळू मुलासारखा डोळे मिचकावीत होता. हा लेपर्ड गेको. ठिपक्यांमुळे माझ्या भाचीने त्याचे नाव ठेवले होते टिपक्या. ईशान अमेरिकन वळणाने ‘टिप्क्या’ म्हणे.

पेटीच्या तळाशी स्वयंपाकघरातले कागदी रुमाल अंथरलेले होते. ईशानला ते मुळीच आवडत नसत. ‘मामाआजोबा, तो वाळवंटातला आहे. त्याला वाळू हवी,’ असे त्याचे म्हणणे. पुढच्या आठवड्यात त्याचा वाढदिवस होता. आम्ही दुकानात गेलो. तेथे पाळीव सरड्या-पालींसाठी एक स्वतंत्र दालनच होते आणि त्यात वाळूच्या पिशव्यांची रांग होती : पांढरी, तांबडी, अगदी निळीसुद्धा. एका पिशवीवर लिहिले होते की ही वाळू शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटची आहे, प्राण्याने खाल्ली तरी ती पचते आणि वर कॅल्शियमही मिळते.

कॅल्शियम हा शब्द वाचला आणि माझ्यातला बालरोगतज्ज्ञ प्रसन्न झाला. दिवसातून दहा वेळा जो शब्द मी चिठ्ठीवर लिहितो तो येथे तळाला अंथरायला मिळत होता! विचारपूस न करता मी दोन पिशव्या घेतल्या. औषधाच्या खोक्यावरील जाहिरातीवर विश्वास ठेवू नये, असे मी माझ्या कनिष्ठ डॉक्टरांना वारंवार सांगत आलो आहे. तो नियम पालीलाही लागू असतो, हे मात्र माझ्या ध्यानात आले नाही.

वाळवंट कोणते?

वाळू पसरल्यावर पेटी खरोखरच देखणी दिसू लागली. ईशान हरखून गेला. टिपक्यासुद्धा पहिले दोन दिवस सगळीकडे फिरून वाळू चाटत होता. आम्हाला वाटले, आनंद झाला आहे.

पुढे जी माहिती मी वाचली ती येथेच सांगतो. हा प्राणी मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारताचा वायव्य भाग येथला. प्रदेश कोरडा खरा, पण वाऱ्याने लाटा उठाव्यात अशा सैल वाळूच्या टेकड्यांचा नव्हे. खडकाळ माळ, कडक झालेली चिकणमाती, मुरूम, दगडांच्या फटी, हे त्याचे घर. ‘वाळवंट’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चित्रपटातले उंट येतात. टिपक्याचे वाळवंट आपल्या निमाडातल्या उन्हाळी माळरानाला अधिक जवळचे आहे.

ही तुलना मी उगाच करीत नाही. याच कुळातल्या जाती आपल्या देशातही आहेत. गुजरात आणि महाराष्ट्रात एक जात आढळते, आणि २०१४ साली तर सातपुड्याच्या डोंगरांतून एका नव्या जातीची शास्त्रीय नोंद झाली व तिला सातपुड्याचेच नाव देण्यात आले. म्हणजे न्यू जर्सीतला टिपक्या आपल्या नर्मदेपलीकडच्या डोंगरांतील एका रहिवाशाचा चुलतभाऊ निघाला. या बिचाऱ्यांना आपल्याकडे बिसखोपरा समजून, विषारी म्हणून, दिसताक्षणी ठेचले जाते. त्यांच्यात विष नाही.

आणखी एक भेद येथे महत्त्वाचा. आपल्या घरच्या पालीच्या बोटांना चिकटून राहणाऱ्या गाद्या असतात. तिचे सारे जग भिंत आणि छत. लेपर्ड गेकोला त्या गाद्या नाहीत. तो काचेवर चढू शकत नाही. त्याचे सारे आयुष्य जमिनीवर जाते : तेथेच शिकार, तेथेच झोप, पोटाला लागणारी ऊबही तेथूनच. आणि नव्या गोष्टीची ओळख तो जिभेने करून घेतो. असा प्राणी कोणत्या जमिनीवर ठेवला आहे याला म्हणूनच इतके महत्त्व. मला लगेच आठवले ते रांगते मूल. तेही सारे जग जमिनीवरून आणि तोंडानेच ओळखते.

क्ष-किरण चित्र

तिसऱ्या आठवड्यात टिपक्याने रातकिडे खाणे सोडले. हे प्राणी बहुधा पेटीच्या एकाच कोपऱ्यात विष्ठा टाकतात. तो कोपरा चार दिवस कोरडा राहिला. पोटाच्या त्वचेतून एक काळपट-निळसर गोळा दिसू लागला. नंतर चालताना मागचे पाय ओढले जाऊ लागले. ईशान शाळेतून आला की पेटीशेजारी बसून राही. भाची मला म्हणाली, ‘मामा, तू एवढा डॉक्टर आहेस, काहीतरी सांग ना!’ मला काही सांगता येईना. रुग्ण पंचावन्न ग्रॅमचा आणि शीत रक्ताचा, त्यापुढे माझी एम.डी. काय कामाची?

सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या एका पशुवैद्य बाईंकडे आम्ही गेलो. त्यांनी क्ष-किरण चित्र काढले. लहान मुलाने नाणे गिळल्याची चित्रे मी शेकड्यांनी पाहिली आहेत; परंतु येथे संपूर्ण आतड्याचा साचा पांढऱ्या रंगात उमटला होता. कॅल्शियमची वाळू ती, क्ष-किरणांत झळकणारच.

त्यांनी शांतपणे समजावून दिले. कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळते हे खरे. पण या प्राण्याच्या जठरात जेवढे आम्ल असते त्याच्या कितीतरी पट वाळू तो गिळतो. उरलेली वाळू ओलसर होऊन घट्ट बसते. शिवाय त्यात कॅल्शियम असल्यामुळे प्राणी ती मुद्दाम चाटतो. म्हणजे जो गुण म्हणून छापला होता तोच दोष. साधी वाळू भक्ष्याबरोबर चुकून पोटात जाते; ही तर आवडीने जाते.

पण एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. त्यांनी विचारले : पेटीच्या उष्ण बाजूचे तापमान किती? ते वरच्या काचेला चिकटवलेल्या तबकडीवर दिसत होते, तळाशी कोणी मोजले नव्हते. किड्यांवर कॅल्शियमची आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची पूड टाकता का? टाकत होते, ‘आठवण झाली की’. पाण्याची वाटी? वाळूने भरून जात होती.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, कारण हे संभाषण माझ्या ओळखीचे होते. आमच्याकडे आई तक्रार घेऊन येते, ‘माती खातो.’ वडील म्हणतात, ‘मातीत जाऊच देऊ नका.’ आणि आम्ही पाहतो मुलाच्या पापणीची आतली बाजू, करतो हिमोग्लोबिन, आणि बहुतेक वेळा सापडते ती लोहाची कमतरता. माती हे कारणही असते आणि लक्षणही. टिपक्याच्या बाबतीत अगदी तसेच होते. कॅल्शियम अपुरे, म्हणून तो वाळू चाटत होता. कॅल्शियम अपुरे, म्हणून आतड्याच्या स्नायूंची हालचाल मंद. तळ पुरेसा उबदार नाही, म्हणून पचन मंद, कारण या प्राण्यांची सारी पचनक्रिया बाहेरच्या उष्णतेवर चालते. पाणी कमी, म्हणून मळ कोरडा. निरोगी, उबदार, नीट पोसलेल्या प्राण्याच्या पोटातून थोडी माती सहज निघून जाते. दुर्बळाच्या पोटात तीच दगड होते. मागचे पाय ओढले जाणे हे काही अंशी अवरोधाचे आणि काही अंशी मऊ पडलेल्या हाडांचे लक्षण होते. सोप्या शब्दांत, टिपक्याला मुडदूस होऊ घातला होता. आयुष्यभर ज्या आजाराची ओळख मनगट चाचपून करीत आलो, तो माझ्यासमोर पेटीत होता आणि मी त्याला वाळूची भेट दिली होती.

तळाला काय घालावे

उपचार साधेच होते : कोमट पाण्यात रोज थोडा वेळ बसवणे, त्वचेखालून द्रव, तोंडावाटे कॅल्शियम, वंगणासारखे एक औषध आणि नीट मोजलेली ऊब. नाहीच सुटले तर शस्त्रक्रिया. सहाव्या दिवशी ईशान पहाटे पाचला आमच्या खोलीत आला आणि मोठ्या अभिमानाने सांगू लागला, ‘मामाआजोबा, टिप्क्यानं शी केली!’ ही वार्ता ऐकून इतका आनंद मला केवळ शस्त्रक्रिया झालेल्या बालरुग्णांच्या बाबतीतच होत आला आहे.

त्या काळात बाईंनी आम्हाला तळाविषयी जे शिकवले ते क्रमाने नोंदवतो. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे परदेशात आहेत आणि त्यांच्या घरी असा एखादा टिपक्या असण्याचा संभव आहे.

कागद, म्हणजे साधा कागदी रुमाल किंवा वर्तमानपत्र, दिसायला दरिद्री, पण आजारी, नव्या आणला गेलेल्या व लहान पिलांसाठी तोच उत्तम. गिळला जात नाही, रोज बदलता येतो, आणि विष्ठा कशी झाली हे स्पष्ट दिसते. ईशानच्या घरी आधी जे होते तेच बरोबर होते.

फरशी, म्हणजे खरखरीत पृष्ठभागाची मातीची टाइल किंवा पाटीचा दगड, प्रौढ प्राण्यासाठी निर्धोक. ती उष्णता धरून ठेवते व पोटापर्यंत पोचवते, नखे आपोआप झिजतात, पुसून स्वच्छ होते. गुळगुळीत चकचकीत टाइल मात्र नको, पाय घसरतात. कडेला फटी ठेवू नयेत, किडे त्यांत दडून बसतात.

दुकानात मिळणारा हिरवा गालिचा वरवर सोयीचा, परंतु त्याच्या धाग्यांत नखे व दात अडकतात आणि ओल व जंतू मुरतात. वापरायचाच तर दोन तुकडे ठेवून आलटून-पालटून धुवावेत.

लाकडाचा भुसा व चकत्या, विशेषतः देवदार व चीड यांच्या, टाळाव्यात. त्यांतील सुगंधी तेले या प्राण्यांच्या श्वसनमार्गाला घातक. अक्रोडाच्या कवचाचा चुरा धारदार असतो. मक्याच्या कणसाचा चुरा ओलाव्याने फुगतो आणि त्याला बुरशी येते. नारळाच्या काथ्याचा भुसा दमट रानातल्या जातींना योग्य. माळावरच्या प्राण्याच्या पेटीत तो फक्त कात टाकण्यासाठी ठेवलेल्या ओलसर लपणात असावा.

आणि माती? बाईंचे यावरचे मत मला फार समतोल वाटले. खत न घातलेली साधी माती सुमारे दोन भाग आणि स्वच्छ वाळू एक भाग, पाण्याने भिजवून, दाबून, पूर्ण वाळवून कडक केलेली अशी जमीन निरोगी प्रौढ प्राण्याला देता येते. ती त्याच्या मूळ माळासारखी असते आणि तो ती उकरतो, त्यात रमतो. मात्र आधी ऊब, पाणी आणि कॅल्शियम यांचा हिशेब चोख हवा. उष्ण बाजूची जमीन सुमारे तीस ते बत्तीस अंश सेल्सिअस, ती तळाशीच मोजलेली, आणि गरम गादी असेल तर तिला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर पोट भाजते. थोडक्यात, सैल वाळू कोणालाच नको. घट्ट माती सशक्तांना. आणि शंका असेल तेथे कागद.

स्वच्छतेबाबत एक सूचना आपल्याकडच्यांसाठी मुद्दाम : फिनाईल वापरू नये. फिनॉलवर्गी जंतुनाशके या प्राण्यांना विषारी ठरतात. आधी साबणपाणी, मग सौम्य केलेले ब्लीच, मग भरपूर पाणी आणि पूर्ण वाळवणे, एवढे पुरते.

दुसरी जमीन

हे सारे लिहून घेत असता बाईंनी सहज विचारले, ‘घरात पाच वर्षांखालचं मूल आहे का?’

भाचीने सांगितले, दहा महिन्यांची मुलगी आहे, रांगते. बाईंनी लेखणी खाली ठेवली. त्या पुढे काय बोलणार हे मला तत्क्षणी कळले आणि मान खाली गेली. हा प्रश्न माझा होता. तीन आठवडे त्या घरात राहून तो मी विचारला नव्हता.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जंतू सहज वास करतात. प्राणी ठणठणीत असतो, अंग स्वच्छ दिसते, पण विष्ठेतून जंतू अधूनमधून बाहेर पडत राहतात आणि तळावर, पायांवर, वाटीवर पसरतात. यासाठी प्राण्याला हात लावायचीही गरज नाही. १९९६ साली अमेरिकेत डेन्व्हरच्या प्राणिसंग्रहालयात कोमोडो ड्रॅगन या महाकाय घोरपडींचे प्रदर्शन पाहायला गेलेली डझनावारी माणसे, बहुतांशी मुले, साल्मोनेलाने आजारी पडली. त्यांनी ड्रॅगनला स्पर्श केला नव्हता. कुंपणाच्या लाकडी कठड्याला हात लावले होते. जनावरे विष्ठेवरून चाललेले पाय त्याच कठड्यावर टेकवीत असत. ज्यांनी नंतर हात धुतले ती मुले बहुतांशी बचावली. २०१२ ते २०१४ या काळात बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्यांशी निगडित अशीच साथ तेथील अनेक राज्यांत आढळली. शंभरहून अधिक रुग्णांत निम्म्याहून जास्त पाच वर्षांखालची मुले होती. त्याही आधी, १९७५ साली, चार इंचांहून लहान पाठीच्या कासवांच्या विक्रीवर त्या देशाने बंदी घातली ती याच कारणाने : मुले ती तोंडात घालीत.

तान्ह्या मुलाच्या जठरातले आम्ल सौम्य, प्रतिकारशक्ती अपुरी. मोठ्या माणसाला दोन दिवसांचे जुलाब होतील तेथे तान्ह्याला जंतू रक्तात व मेंदूच्या आवरणापर्यंत पोचण्याचे भय. म्हणून पाच वर्षांखालची मुले, वृद्ध व प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या व्यक्ती जेथे आहेत तेथे असे प्राणी ठेवू नयेत, असा तेथील आरोग्य यंत्रणेचा स्पष्ट सल्ला आहे.

आता आमच्या घरात काय चालले होते ते पाहा. टिपक्याला ‘व्यायाम’ म्हणून रोज संध्याकाळी दिवाणखान्याच्या गालिच्यावर सोडले जाई. त्याच गालिच्यावर सकाळी मीरा रांगे. पेटीतली वाटी आणि दगड स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये धुतले जात, जेथे मीराच्या दुधाच्या बाटल्या धुतल्या जात. आम्ही सारे पेटीच्या आतल्या जमिनीची चर्चा करीत होतो. पेटीबाहेरची जमीन कोणी पाहिलीच नाही.

दुर्दैव असे की त्याच आठवड्यात मीराला जुलाब सुरू झाले. ताप थोडा, बाळ खेळकर. मी इंदूरला असतो तर जलसंजीवनी देऊन घरी पाठवले असते. येथे मात्र भाचीसोबत तिच्या डॉक्टरांकडे गेलो आणि पहिलेच वाक्य बोललो, ‘घरात पाळीव पाल आहे.’ त्यांनी लगेच विष्ठेची जंतुवाढ चाचणी पाठवली. अहवालाला तीन दिवस. त्या तीन रात्री मी दर दोन तासांनी उठून मीराची टाळू व श्वास पाहत होतो. इतरांच्या मुलांबाबत ‘थांबू या, पाहू या’ म्हणणे किती सोपे असते, हे त्या रात्री कळले. अहवाल निर्दोष आला. जुलाब विषाणूचे असावेत, ते आपोआप थांबले. पण तो आमचा शहाणपणा नव्हता, सुदैव होते.

निर्णय

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर आम्ही बसलो. भाचीचे यजमान म्हणाले, नियम कडक करू, हात धुऊ, पेटी वरच्या मजल्यावर ठेवू. भाची माझ्याकडे पाहत होती. ईशान कोणाकडेच पाहत नव्हता. मला ठाऊक होते की मी जे बोलेन ते होईल, आणि म्हणून बोलणे जड जात होते. नऊ वर्षांच्या मुलाने आजारी प्राण्याची सहा दिवस सेवा करून त्याला वाचवावे आणि सातव्या दिवशी त्याला घराबाहेर काढावे, हा कसला न्याय?

तरी मी सांगितले. रांगते मूल आणि ही पेटी एका छताखाली नको. नियम माणसे पाळतात, पण दमलेली माणसे विसरतात, आणि दहा महिन्यांच्या बाळाच्या घरात सगळेच दमलेले असतात.

ईशान उठून गेला. बऱ्याच वेळाने मी त्याच्या खोलीत गेलो. तो म्हणाला, ‘वाळू मी मागितली होती. माझ्यामुळेच झालं ना सगळं?’ मी त्याला म्हणालो, ‘तू मागितलीस, पण विकत मी घेतली. तू नऊ वर्षांचा आहेस. मी सत्तावन्नचा आणि वर डॉक्टर. चूक मोजायची तर माझी मोठी.’ तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने विचारले, ‘मीरा पाच वर्षांची झाली की त्याला परत आणता येईल?’ लेपर्ड गेको नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो. मी म्हणालो, ‘येईल.’

वर्गातल्या एका मित्राच्या घरी टिपक्याची सोय झाली. त्या घरात लहान मूल नव्हते की वृद्ध नव्हते. पेटीबरोबर ईशानने स्वतः लिहिलेला एक कागद दिला. त्यात वाळूवर मोठी फुली होती. तळाला फरशी, तापमान तळाशी मोजायचे, किड्यांवर पूड कोणत्या वारी टाकायची, वाटी स्वयंपाकघरात धुवायची नाही, हात साबणाने धुवायचे, सारे क्रमवार होते. माझ्या कित्येक निवासी डॉक्टरांच्या डिस्चार्ज कार्डापेक्षा तो कागद स्वच्छ होता. दर शनिवारी ईशान तेथे जातो.

आपल्याकडे

परत आल्यावर मी माझ्या विचारपुशीत एक प्रश्न वाढवला आहे : ‘घरात कोणता प्राणी आहे?’ कुत्रा-मांजर लोक सांगतात. पेटीतले कासव कोणी आपणहून सांगत नाही. आपल्या शहरांतही कासवे व परदेशी सरडे हौसेने ठेवले जाऊ लागले आहेत. आपल्या रानातली घोरपड किंवा सांडा पकडून पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर सायटिस कराराच्या यादीतील विदेशी जाती बाळगणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक झाली आहे, हेही पालकांना सांगावे लागते.

व्यवसायबंधूंना दोन स्मरणे. निरोगी मोठ्या मुलाच्या साध्या साल्मोनेला जुलाबांत प्रतिजैविकाची सहसा गरज नसते, उलट जंतू अधिक काळ विष्ठेतून जात राहू शकतात. परंतु तीन महिन्यांखालील अर्भक, प्रतिकारशक्ती क्षीण असलेले मूल आणि सिकलसेलचे मूल यांच्या बाबतीत थांबू नये. झाबुआ, अलिराजपूर, धार या भागांतून येणाऱ्या सिकलसेलच्या मुलांत हाच जंतू हाडांत शिरतो, हे आपण सारे जाणतो. आणि दुधात पाल पडल्याची तक्रार आली की मी आता पूर्वीसारखा हसून वाटेला लावीत नाही. पालीला विष नाही हे सांगतो, पण तिच्या आतड्यात जंतू असू शकतात हेही सांगतो, आणि दूध झाकून ठेवायला सांगतो. आजीबाईंची भीती चुकीच्या कारणासाठी होती. झाकण मात्र बरोबर होते.

माझ्या दवाखान्यात कोटा फरशी आहे. आया मुलांना खाली सोडायला कचरतात, मी सोडू देतो, कारण मूल जमिनीवरच वाढते. फक्त हल्ली सकाळी दवाखाना उघडला की पहिले काम म्हणून मी ती फरशी स्वतः वाकून पाहतो.